बी-ट्वेल्व्हची गोळी

मिरजेला मावशीकडे गेले होते. सकाळचे पोहे झाले होते, मावशी ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होती. मी पर्समधून सात कप्प्यांची निळी डबी काढली आणि गुरुवारचं झाकण उघडलं. आत मसुराएवढी पांढरी गोळी. पाण्याचा घोट घेऊन मान मागे टाकली, तेवढ्यात मावशी वळली. "कसली गं गोळी?" तिच्या विचारण्यात काही विशेष नव्हतं. ज्या सुरात ती "लिंबू पिळू का अजून?" म्हणते, त्याच सुरात हेही. आणि वयाच्या 46व्या वर्षी, दोन पोरांची आई असलेली, बँकेत रोज शंभर माणसांना तोंड देणारी मी पटकन म्हणाले, "बी-ट्वेल्व्हची."

"हो का. बाई, हल्ली सगळ्यांनाच निघतंय ते," असं म्हणून मावशी आलं किसायला लागली.

विषय तिथेच संपला. माझ्यापुरता मात्र संपला नाही. परतीच्या गाडीत कराड गेलं, सातारा गेलं, आणि मी खिडकीतून उसाचे फड बघत तेच चघळत बसले. खोटं बोलण्याचं मला एरवी फारसं वावडं नाही. शेजारणीला "आत्ताच जेवलो हं" मी दिवसातून दोनदा सांगते. पण ह्या गोळीबद्दल मी मोठी धीट आहे, असा माझा समज होता. बँकेतल्या दोघींना ठाऊक आहे. मागच्या 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, आमच्या शाखेत छोटा कार्यक्रम झाला. त्यात माईक हातात घेऊन "मधुमेहासारखाच नैराश्य हाही एक आजार आहे" असं मीच बोलले होते आणि टाळ्याही मिळवल्या होत्या. मावशीचा मधुमेह मात्र जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, स्टीलच्या उघड्या डब्यात असतो. साखरेच्या गोळ्या, बीपीची गोळी, पित्ताच्या कॅप्सूल, सगळं पाहुण्यांसमोर. त्याच डब्यात एका कागदाच्या पुडीत आणखी एक गोष्ट असते. तिला घरात नाव नाही, नुसती 'अर्धी' म्हणतात. "माझी अर्धी घेतली का मी?" असं मावशी रात्री विचारते. ती झोपेची गोळी आहे. कुणा डॉक्टरांनी कधीतरी महिनाभरासाठी दिली होती, त्याला आता बारा वर्षं झाली.

बी-ट्वेल्व्हच का सुचलं, तेही मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, डी, बी-ट्वेल्व्ह. थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच विझून जातो, बी-ट्वेल्व्ह उतरलं तरी मरगळतो. मनाचं निदान करण्याआधी एवढं बघावंच लागतं, असं ते म्हणाले. दोन दिवस मी देवाकडे मागणं मागितलं की काहीतरी कमी निघू दे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, एवढं तरी निघायला हवं! रिपोर्ट आला, बी-ट्वेल्व्ह 412. सगळं छान, सगळं जागच्या जागी. लॅबच्या पायऱ्यांवर तो कागद घेऊन मी रडले. तब्येत ठणठणीत निघाली म्हणून रडलेली त्या लॅबच्या इतिहासात मी एकटीच असेन.

कारण काहीच नव्हतं, आणि सगळ्यांत लाजिरवाणं तेच होतं. कुणी गेलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, नवरा पीत नव्हता. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. दात घासायला ब्रश हातात घ्यायचा आणि नळ सोडायचं मनावर घेईपर्यंत दहा मिनिटं तशीच उभी राहायचे. काउंटरवर नोटांचं एक बंडल तीनतीनदा मोजायचे आणि तरी आकडा डोक्यात टिकायचा नाही. कुकरच्या शिट्ट्या कानावर पडायच्या, पण त्या आपल्याच घरातल्या आहेत हे उशिरा लक्षात यायचं. पहाटे साडेतीनला जाग यायची, रोज, घड्याळ लावल्यासारखी. नवरा म्हणायचा, जरा फिरून ये, बरं वाटेल. बिचारा मनापासून म्हणायचा. चप्पल पायात सरकवणं हेच मला सिंहगड चढण्याएवढं झालंय, हे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं?

आपल्याकडे ह्या सगळ्याला शब्द नाहीत, गावांची नावं तेवढी आहेत. मुंबईकर म्हणतात, ठाण्याला पाठवा. आम्ही पुणेकर येरवड्याला पाठवतो, कोकणात रत्नागिरीला. तिथे मनोरुग्णालयं आहेत म्हणून त्या गावांच्या नावांचा विनोद झाला. मीही केलाय तो, कॉलेजात असताना, पोट धरून हसत.

गोळीची भीती वाटायची म्हणून मी आधी थेरपिस्टकडे गेले. बोलून सुटेल ते बोलून सोडवू, गोळ्या म्हणजे शेवटची पायरी, असा माझा हिशेब. थेरपिस्टची खोली छान होती. खिडकीत मनीप्लँट, टेबलावर टिश्यूचा डबा, पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये. तिने मला एक वही करायला सांगितली: काय घडलं, मनात काय आलं, मग काय वाटलं. पहिल्या आठवड्यात मी वहीवर फक्त तारीख घातली. दुसऱ्या आठवड्यात तारीखही नाही. तिसऱ्या वेळी पन्नासातली चाळीस मिनिटं मी मनीप्लँटची पानं मोजली. शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही आळस करत नाही आहात. ही वही उचलायला जेवढं बळ लागतं, तेवढंसुद्धा आत्ता तुमच्यात नाही. आपण डॉक्टरांनाही भेटू या. आणि मी कुठे जात नाहीये, इथेच आहे." मला ते नापास झाल्यासारखं वाटलं. म्हणजे मी बोलण्याच्याही पलीकडे गेले!

गोळीचे पहिले दिवस वाईट होते, ते कशाला लपवू? पहिला आठवडा पाच मिलिग्रॅम, मग दहा. तोंडाला कोरड, पोटात मळमळ, आणि जांभया. ग्राहकाच्या तोंडावर, मॅनेजरच्या तोंडावर, आरतीत. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की त्रास पहिल्या दिवसापासून होईल आणि फायदा दोन ते चार आठवड्यांनी, ह्या औषधांची रीतच अशी उलटी. मेडिकलवाल्याने मागे सहा माणसं उभी असताना "मॅडम, ही डिप्रेशनची आहे, चिठ्ठी दाखवा" असं खणखणीत आवाजात सांगितलं. त्या दिवसापासून मी दोन चौक पलीकडच्या दुकानात जाते. आणखी एका परिणामाबद्दल, नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल, डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत थेट विचारलं. मी पंख्याकडे बघत उत्तर दिलं. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. आजवर ते मला एवढ्या साधेपणाने कुणी विचारलं नव्हतं, ह्याचं पुढे मला बरंच वाटलं.

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी आमटीला फोडणी देताना हिंगाचा वास आला. बस, एवढंच. हिंग रोजच पडत होता, वास कित्येक महिन्यांनी आला.

मावशीचे यजमान, माझे काका, शेती करायचे. मिरजेच्या बाहेर त्यांची काळी जमीन होती, पाणी धरून ठेवणारी. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा काका रोज सकाळी रानात जाऊन मूठभर माती उचलायचे, दाबून तिचा लाडू करायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून द्यायचे. लाडू तसाच राहिला की म्हणायचे, "अजून नाही." आणि घरी परत. बियाणं आणलेलं, बैल तयार, गडी बांधावर बसलेले, तरी अजून नाही. मग एखाद्या दिवशी तो लाडू पडताक्षणी भुगा व्हायचा आणि काका म्हणायचे, "आला वाफसा. घाला तिफण." चिखलात पेरलेलं कुजतं, वाळलेल्या ढेकळात पेरलेलं उगवत नाही. हिंगाचा वास आला त्याच आठवड्यात मी थेरपीची वही उघडली. चांगलं दीड पान लिहिलं आणि लिहिता लिहिता काकांची मूठ आठवली. वाफसा आला म्हणजे पीक आलं असं मात्र नाही. ते मला पुढे चार महिन्यांनी कळलं.

कारण ह्या टप्प्यावर मी एक शहाणपणा केला. झोप लागत होती, भूक लागत होती, तर आता बोलायला बाराशे रुपये कशाला? गोळी दिवसाला दहा-बारा रुपयांची. थेरपी बंद केली. आणि दोन-तीन आठवड्यांत लक्षात आलं की मी बरी झालेय खरी, पण तीच मी बरी झालेय. सासूबाईंच्या फोननंतर पोटात पडणारा तोच खड्डा. ऑडिटमध्ये एक चूक निघाली तर तेच "मला काहीच जमत नाही". गोळीने माझा आवाज परत आणला होता, पण मी त्या आवाजात जुनीच गाणी म्हणत होते. मग मला आणखी एक शहाणपणा सुचला: गोळीही बंद, कुणालाही न विचारता. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक करंट लागल्यासारख्या झिणझिण्या. रस्ता ओलांडताना डावीकडे बघायची भीती वाटायला लागली. ती औषधाची सवय नसते, औषध एकदम काढून घेतल्याची कुरकुर असते, आणि म्हणूनच ते महिन्यांच्या हिशेबाने, पायरी-पायरीने उतरवतात. डॉक्टरांनी हे नंतर समजावलं, न रागावता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या भेटीत त्यांनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली की ते आणि थेरपिस्ट माझ्याबद्दल एकमेकांशी बोलू शकतात. मग माझ्यासमोरच तिला फोन लावला. तीन मिनिटांचा फोन, पण तोवर ही दोन माणसं माझ्या दोन वेगळ्या आजारांवर इलाज करत असल्यासारखी होती. बऱ्याच ठिकाणी शेवटपर्यंत तसंच चालतं. इकडे दहा मिनिटांच्या ओपीडीत गोळी वाढते, तिकडे पन्नास मिनिटांत बालपण निघतं, आणि दोघांमध्ये निरोप्या कोण, तर पेशंट, ज्याला नळ सोडायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत गोळीचं नाव होतं, दुसऱ्या ओळीत 'सेशन, आठवड्यातून एकदा', तिसऱ्या ओळीत 'चालणे'. तिन्ही एकाच अक्षरात, एकाच पेनने. ती चिठ्ठी मी अजून फेकलेली नाही.

रात्री वाचत बसण्याची खोड मला होतीच. सन 2000 मधला एक मोठा अमेरिकी अभ्यास सापडला. वर्षानुवर्षं नैराश्यात असलेली 681 माणसं. काहींना नुसतं औषध, काहींना नुसती थेरपी, काहींना दोन्ही. नुसत्या औषधाने 48 टक्क्यांना चांगला फरक पडला, नुसत्या थेरपीनेही बरोबर 48 टक्क्यांना, आणि दोन्हींनी 73 टक्क्यांना. त्यातलं औषध पुढे यकृताला बाधण्यावरून बऱ्याच ठिकाणी बाजारातून गेलं, म्हणजे आकड्यांवरही भाळून जाऊ नये. मला जास्त भावला तो गोव्यातला प्रयोग, 'संगथ' संस्थेचा, 2010 साली प्रसिद्ध झालेला. चोवीस दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. त्यांतल्या काही ठिकाणी डॉक्टर नसलेल्या, त्या कामापुरतं शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांना बसवलं. आधी आजार समजावून सांगायचा, गरज पडली तर गोळी किंवा बोलण्याचे उपचार, त्याने भागलं नाही तर दोन्ही, त्यापुढे तज्ज्ञ. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांमधले शंभरातले सुमारे 66 जण बरे होते. समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांमध्ये सुमारे 42. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. तापाची, खोकल्याची माणसं जिथे रांगेत बसतात तिथेच, म्हापसा-मडगावकडच्या कुणा बाईला कोकणीत "झोप येते का?" असं विचारणारं कुणी बसलंय, हे चित्र मला पुण्यातल्या मनीप्लँटपेक्षा जवळचं वाटलं.

माझी थेरपिस्ट विवेकनिष्ठ पद्धत वापरते. अल्बर्ट एलिसने 1955च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली, आणि मराठीत रुजवण्याचं श्रेय कि. मो. फडक्यांकडे जातं ती. म्हणणं थोडक्यात असं की घटना माणसाला जेवढी छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दलचा आपला हट्ट छळतो. हे मला चार वेळा समजावून झालं आणि चारही वेळा मी मान डोलावली. मग एकदा तिने माझी वही घेतली, लाल पेन काढलं आणि काही न बोलता एका पानावर गोल करत गेली. पान परत दिलं तेव्हा त्यावर सतरा गोल होते. सगळे एकाच अक्षराभोवती: च. 'मलाच का सगळं बघावं लागतं.' 'ऑडिटमध्ये चूक व्हायलाच नको होती.' 'त्यांनी असं बोलायलाच नको.' 'मी अशीच आहे.' चारच वाक्यांत आयुष्यभराची कैफियत. बँकेत वीस वर्षं लोकांच्या खात्यांतली चूक शोधून काढणाऱ्या मला स्वतःच्या खात्यातला हा च दिसला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी तीच वाक्यं च काढून लिहून नेली. 'ऑडिटमध्ये चूक व्हायला नको होती.' वाक्य तेच, पण त्यातला चाबूक गेलेला. आता मुलगी चिडून "मला जायचंच आहे!" म्हणाली की मला लाल गोल दिसतो आणि हसू येतं. तिला ते मुळीच आवडत नाही.

सगळं गोडच आहे असं नाही. गेल्या वर्षी काका गेले. मिरजेला पोचले, मावशी गळ्यात पडून रडली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आत कुठेतरी हुंदका होता, काचेपलीकडे असावा तसा. गोळीने असं बोथटपण येतं काहींना. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा थोडी बदलली. पण काका एकदाच गेले, आणि मी त्यांना कोरड्या डोळ्यांनी पोचवलं. त्यांच्या मुठीतल्या मातीबद्दल वहीत लिहिलं होतं, त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

ह्या सगळ्यात मिरज पुन्हा पुन्हा का येतं, त्याला आणखी एक कारण आहे. मावशी 1972 साली लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा तिच्या सासूबाईंचं ताट, वाटी, तांब्या वेगळा होता. कशासाठी, ते सोयरीक जुळवताना कुणी सांगितलं नव्हतं. नंतरही घरात 'छातीचं दुखणं' एवढंच म्हणायचे. पुढे सासूबाई मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये जाऊन राहिल्या, तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं, हवापालटाला गेल्यात. क्षय हा शब्द त्या घरात कुणी उच्चारल्याचं मावशीला आठवत नाही. आणि गंमत बघा, नैराश्यावरच्या गोळ्यांच्या मूळपुरुषांपैकी एक क्षयाच्याच वॉर्डात सापडला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचं सी व्ह्यू हॉस्पिटल, साल 1952. क्षयासाठी इप्रोनियाझिड नावाचं औषध दिलं, आणि खंगलेली माणसं फुप्फुसं सुधारण्याआधीच उठून बसली, जेवण मागायला लागली, वॉर्डात नाचली. आधी तो दुष्परिणाम मानला गेला. 1957पर्यंत डॉक्टर तेच औषध नैराश्यासाठी देऊ लागले. आज ते वापरात नाही, आणि माझी गोळी वेगळ्या कुळातली. पण छातीचं दुखणं आणि बी-ट्वेल्व्ह ही भावंडं निघाली, ह्याचं मला हसूही येतं आणि लाजही वाटते.

हे सगळं मनात घोळत होतं, तेवढ्यात परवा मावशीचा फोन आला. हवा, पाणी, कामवाली झाल्यावर म्हणाली, "तुझी ती बी-ट्वेल्व्हची गोळी कुठली गं? नाव पाठव ना. तू मागल्या खेपेपेक्षा बरीच सुधारलीस हो. काका गेल्यापासून मला बघ कशातच गोडी वाटत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, अर्धी घेतली तरी."

नाव पाठवलं असतं तरी काही बिघडलं नसतं. तिने बी-ट्वेल्व्ह घेतलं असतं, दोन महिने वाट पाहिली असती. मी फोन घेऊन बाल्कनीत आले.

"मावशी, ती बी-ट्वेल्व्हची नव्हती."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"मग?"

सांगितलं. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. गोळीचं सांगितलं, थेरपीचं सांगितलं, च आणि लाल गोलांचं सांगितलं. मध्ये ती एकदाही "अगो बाई" म्हणाली नाही. मी थांबल्यावर तिने विचारलं, "बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडली नाहीस ना?"

"एकदा सोडली होती."

"सासूबाईंनीही सोडल्या होत्या. बरं वाटतंय म्हणून, आठव्या महिन्यात. मग जावं लागलं वानलेसवाडीला." जरा वेळ काही बोलली नाही. मग आवाज खाली आणून, घरात दुसरं कुणी नसताना, म्हणाली, "आणि ती बाई, जिच्याकडे तू बोलायला जातेस... ती मराठीतच बोलते ना गं?"